हिरवं की काळं

साडू निवडता येत नाही. माणूस बायको बघतो, तिची आई बघतो, फारच चिकित्सक असला तर बहिणीही बघतो. पण बहिणीचा नवरा कोण बघून ठेवतो? मी नाही बघितला. तेवीस वर्षं त्याची फळं भोगतोय.

आमची लिफ्ट दुरुस्तीची छोटी कंपनी आहे. सासऱ्यांनी उभी केलेली. ते गेल्यावर सासूबाईंनी दोन्ही जावयांना एका दावणीला बांधलं आणि तिसरी भागीदारी स्वतःकडे ठेवली. मी बाहेरचं बघतो, म्हणजे मशीनरूम, शाफ्ट, दोर, ब्रेक, खड्डा. साडू ऑफिस बघतो, म्हणजे फोन घेतो आणि खुर्ची गोल फिरवतो. आधी तो ऑफिसचं फर्निचर विकायचा. विकता विकता स्वतःच फर्निचर झाला, असं मी एकदा चारचौघांत म्हणालो होतो. त्यानंतर थोरल्या मेहुणीने दोन महिने माझ्याशी फक्त माझ्या बायकोमार्फत संभाषण केलं.

या वेळचं भांडण नोंदींवरून लागलं. आमच्याकडे बासष्ट लिफ्ट आहेत आणि एकीचा स्वभाव दुसरीला नाही. कुठल्या दाराला खालून लाथ मारावी लागते, कुठली थंडीत चौथ्या मजल्यावर अडते, कुठल्या दोराचं किती आयुष्य उरलंय, हे सगळं माझ्या खिशातल्या डायऱ्यांत. एकोणीस डायऱ्या. त्यातच घरचंही लिहिलेलं: गॅस, मुलीची फी, सासूबाईंच्या गोळ्या. मार्चमध्ये मी तापाने चार दिवस झोपलो आणि ऑफिसात कुणालाही कशाचाही पत्ता लागेना. पाचव्या दिवशी साडूने बैठक बोलावली.

"उस्ताद, हे खिशातलं ज्ञान आता बंद," तो मला म्हणाला. मला सगळे उस्ताद म्हणतात. तो म्हणतो तेव्हा मात्र शिवी दिल्यासारखं वाटतं. "नोंदींचं एक सॉफ्टवेअर घेऊ. सगळ्यांच्या फोनवर. कामाचं तिथेच, घरचंही तिथेच. आईंच्या गोळ्यासुद्धा."

सासूबाई सहा महिने आमच्याकडे आणि सहा महिने त्यांच्याकडे राहतात. त्यांच्या गोळ्यांची यादी दोन घरांत फिरताना दरवेळी एखादी गोळी वाटेत गळते. त्यामुळे त्यांनी मान हलवली आणि मला गप्प बसावं लागलं.

त्याने आणलेल्या ॲपचं चित्र काळं होतं. सूड म्हणून मी मुलीला बसवलं आणि दुसरं शोधलं. त्याचं चित्र हिरवं. दोघांची खरी नावं जिभेला वळत नव्हती, त्यामुळे दोन्ही घरांत काळं आणि हिरवं असेच दोन पक्ष पडले.

काळ्याचं सगळंच देखणं. रकाने, रंगीत चिठ्ठ्या, प्रत्येक माणसाचा गोलात फोटो. चिठ्ठी एका रकान्यातून दुसऱ्यात बोटाने ढकलायची, की काम पुढे गेलं म्हणायचं. साडूला ते इतकं आवडलं की तो दिवसभर चिठ्ठ्या ढकलत बसायचा. आमच्या धंद्यात ढकलायला लोखंड असतं हे त्याला कोण सांगणार? हिरवं साधं होतं. लिहा, फोटो काढा, शोधा. इंटरनेट नसलं तरी चालायचं. आणि मुख्य म्हणजे त्यात एक शब्द टाकला की त्या शब्दाच्या झाडून सगळ्या नोंदी पुढ्यात यायच्या, अगदी दहा वर्षांपूर्वीच्या असल्या तरी. अर्थात आधी त्या कुणीतरी आत घालायला हव्या होत्या.

सासूबाईंनी निवाडा दिला. त्यांनी तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजवर काढली आहेत; दोन माणसं एकाच वेळी बोलायला लागली की त्या एकाची वायर काढतात. "महिनाभर दोन्ही वापरा," त्या म्हणाल्या. "धाकट्यांनी हिरवं, थोरल्यांनी काळं. महिनाअखेरच्या रविवारी मी सांगीन ते दोन्ही घरांत आणि ऑफिसात चालेल. तोवर भांडण माझ्या कानावर नको."

भांडण त्यांच्या कानावर गेलं नाही, कारण ते आम्ही तळघरात केलं. दुसऱ्याच आठवड्यात मी साडूला मुद्दाम एका इमारतीच्या खड्ड्याशी घेऊन गेलो. खड्डा म्हणजे लिफ्टच्या तळाखालची पुरुषभर खोल जागा. तिथे वंगण असतं, झुरळं असतात, सिग्नल नसतो.

"काढा तुमचं काळं," मी म्हणालो. "या लिफ्टचा दोर कधी बदलला ते सांगा."

त्याने फोन काढला. पडद्यावर एक गोल फिरायला लागला. फिरला, फिरला, फिरतच राहिला.

"वर गेल्यावर दिसेल," तो म्हणाला.

"वर गेल्यावर काय, सगळ्यांनाच सगळं दिसतं. दोर इथे तुटतो."

"तुम्हाला ॲपशी देणंघेणं नाही, उस्ताद. मी आणलं म्हणून नको आहे तुम्हाला."

"बरोबर. तुम्ही अमृत आणलंत तरी मी आधी मांजराला पाजीन."

त्याचं तोंड लाल झालं. पांढऱ्या शर्टाला वंगण लागलं होतं, ते मी त्याला सांगितलं नाही. तो तसाच ऑफिसात जाऊन बसला आणि दिवसभर लोकांना भेटला. एवढं सुख मला त्या महिन्यात दुसऱ्या कशाने झालं नाही.

हा राग नुसता स्वभावाचा नव्हता. त्याला आठ महिन्यांपूर्वीचं कारण होतं, आणि ते कारण ऑफिसात कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून माझ्या डायऱ्या टाइप करत होतं.

चिपाड माझा शागीर्द. अंगाने इतका बारीक की कुठल्याही फटीत शिरेल, म्हणून चिपाड. आता बत्तीस वर्षांचा आहे, दोन मुलींचा बाप. दहा वर्षं माझ्या हाताखाली होता. आमच्या धंद्यात एक नियम आहे, आणि आमच्या कंपनीत तो मीच घातला: काम सुरू करण्याआधी मेन बंद करायचा आणि त्यावर आपली लाल पाटी अडकवायची. ज्याची पाटी त्यानेच काढायची. देव आला तरी दुसऱ्याने हात लावायचा नाही. प्रत्येक मेकॅनिकची पाटी वेगळी. चिपाडला मात्र मी वेगळी दिली नव्हती. "तू माझ्याबरोबर असतोस ना? मग माझी तीच तुझी," असं मी म्हणायचो, आणि त्याला त्याचा अभिमान होता. मला त्याहून जास्त होता.

वकिलांची इमारत होती. मी वर मशीनरूममध्ये ब्रेक बघत होतो, चिपाड खाली खड्ड्यात दोराची चाकी साफ करत होता. मला सासूबाईंना डॉक्टरकडे न्यायचं होतं, म्हणून मी निघालो. लिफ्ट बंद म्हणून वकील ऑफिसात फोनवर फोन करत होते. साडूने इमारतीच्या रखवालदाराला फोन करून सांगितलं, "काम झालं असेल तर मेन चालू करून टाका." त्याने केला. वरून कुणीतरी बटण दाबलं, लिफ्ट हलली, चाकी फिरली. चिपाडच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

रखवालदार म्हणाला, मेनवर पाटी नव्हती. मी म्हणालो, पाटी होती, यानेच काढली असणार, ऑफिसचा हुकूम होता ना! त्याची नोकरी गेली. साडूला मी सगळ्यांसमोर म्हणालो, "फोनवरून बोटं कापणारा माणूस पहिल्यांदाच बघतोय." त्या दिवसापासून चिपाडला शाफ्टमध्ये उतरता येत नाही. तो ऑफिसात बसतो.

आणि आता तोच साडू म्हणत होता की जुन्या डायऱ्या नवीन सॉफ्टवेअरमध्ये घालायच्याच नाहीत.

"काळ्यात एक तारखेपासून नव्याने सुरू करू," तो म्हणायचा. "जुनं सगळं माळ्यावर टाका. कोण वाचणार आहे?"

चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! त्याला तो दिवस पुसायचा होता. मग तर मी हट्टालाच पेटलो. हिरव्यात एकोणीसच्या एकोणीस डायऱ्या घालायच्या, रविवारी सासूबाईंसमोर "वकिलांची इमारत" असं टाकायचं आणि साडूचा फोन सगळ्यांच्या डोळ्यांपुढे आणायचा. तो फोन मी डायरीत लिहून ठेवलेला होता हे मला पक्कं आठवत होतं. शिवाय साडूच्या नावाने मी हिरव्यात एक पान उघडलं होतं, लिफ्टचं उघडतात तसंच: बिघाड, तारीख, कारण, उपाय. उपायाचा रकाना पहिल्यापासून रिकामा होता.

"एक अक्षर सोडू नकोस," मी चिपाडला बजावलं. "घरचं, कामाचं, शिव्या, सगळं घाल."

तो आठ बोटांनी टाइप करायचा. हळू, पण स्वच्छ. माझं अक्षर त्याच्याएवढं कुणालाच लागत नाही.

शनिवारी दुपारी तो डायरी घेऊन माझ्याकडे आला. ऑफिसात आम्ही दोघंच होतो. सतरावी डायरी होती, आणि त्याने त्यात बोट घालून ठेवलं होतं.

"उस्ताद, हे घालू का?"

"विचारतोस काय? एक अक्षर सोडायचं नाही म्हटलं ना."

"वाचा आधी," तो म्हणाला.

मी वाचलं. माझंच अक्षर. सतरा तारीख. "वकिलांची इमारत. ब्रेक ठीक. ११.४० ला संपलं. पाटी काढली. घरून फाईल घेणे. सासूबाईंचा डॉक्टर १२.३०. चिपाडला सांगणे." काम झालं की पुढे टिक करायची माझी सवय आहे. फाईलपुढे टिक होती. डॉक्टरपुढे टिक होती. चिपाडपुढे नव्हती.

माझं काम संपलं म्हणून मी माझी पाटी काढली होती; मेन घाईत तसाच बंद राहिला. ती त्याचीही होती. जाताना खाली वाकून एक हाक मारायची, तेवढी राहिली.

मला हे माहीत नव्हतं असं म्हणायला मला आवडलं असतं. पण दुसऱ्या दिवशी पाटी माझ्याच पिशवीत सापडली होती. कुणीतरी आणून टाकली असेल, असं मी स्वतःला सांगितलं होतं. स्वतःने सांगितलेलं माणसाला लगेच पटतं, पुन्हा विचारावं लागत नाही.

"चिपाड," मी म्हणालो. "हे पान राहू दे."

त्याने डायरी माझ्या हातातून घेतली आणि मिटली. "उद्या मला कुणी विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. नाही विचारलं तर बोलणार नाही." मग दारापर्यंत जाऊन म्हणाला, "माझ्या मोठीला मी सांगितलंय की रखवालदाराने पाटी काढली. तुम्ही सांगितलंत म्हणून."

रविवारी अकरा वाजता ऑफिसात बैठक बसली. सासूबाई साडूच्या गोल खुर्चीत, दोघी बहिणी सोफ्यावर, साडू उभा, चिपाड कोपऱ्यात लॅपटॉपपुढे, शेजारी डायऱ्यांची चळत. रात्रभर मी हिशोब मांडला होता आणि तो अगदी सोपा होता. हिरवं जिंकलं तर एकोणीस डायऱ्या सगळ्यांच्या फोनवर जाणार. काळं जिंकलं तर माळ्यावर. महिनाभर ज्याच्या नावाने खडे फोडले तेच आता मला वाचवणार होतं.

"बोला धाकटे," सासूबाई म्हणाल्या.

"काळं घ्या," मी म्हणालो.

माझ्या बायकोने माझ्याकडे असं बघितलं की मला ताप आहे का ते तिथूनच कळावं. थोरली मेहुणी थेट माझ्याशी बोलली: "काय म्हणालात?"

"काळं बरं आहे. रकाने आहेत. जुनं उकरून काय करायचंय? नव्याने सुरू करू."

मला वाटलं होतं साडू टेबलावर चढून नाचेल. तसं झालं असतं तर मला सहन करणं सोपं गेलं असतं. तो खाली बसला आणि चष्मा पुसायला लागला.

"उस्ताद, तुमचे उपकार कसे फेडू कळत नाही," तो म्हणाला. आवाज ओला होता. "आई, मला काळं का हवं होतं ते मी कुणालाच सांगितलं नाही. त्यात एक सोय आहे. मेकॅनिकने 'मी बाहेर आलो' असं स्वतः केल्याशिवाय त्या इमारतीची चिठ्ठी मला हलवताच येत नाही. चिठ्ठी हलली नाही तर फोन करायचा नाही, असं मी स्वतःला बांधून घेणार आहे. मला अडवणारं काहीतरी हवंय. आणि जुन्या डायऱ्या नको म्हणालो कारण..." तो चिपाडकडे बघू शकत नव्हता. "त्यात तो दिवस असणार. उस्तादांनी लिहिलेला. तो वाचणं मला झेपणार नाही. आठ महिने मी रोज तो फोन परत करतो. रोज ठेवून देतो, आणि तरी तो लागतो."

थोरली मेहुणी रडायला लागली. तिला हे माहीत असावं.

मी आयुष्यात त्या माणसाचा पुष्कळ राग केला आहे, पण त्या क्षणाइतका कधीच केला नाही. माझं पाप स्वतःच्या डोक्यावर घेऊन तो माझेच आभार मानत होता. इतकं चांगलं वागायला त्याला सांगितलं कुणी होतं? त्याने मला एक शिवी दिली असती तर मी गप्प बसून घरी गेलो असतो, देवाशपथ गेलो असतो.

"मग माझं टायपिंग?" कोपऱ्यातून चिपाड म्हणाला. "पुसू का सगळं?"

विचारलं त्याने सगळ्यांना, पण बघत होता माझ्याकडे. कुणी त्याला काही विचारलं नव्हतं. तो दिल्या शब्दाला जागत होता.

"सतरावी डायरी दे," मी म्हणालो.

त्याने दिली. पान शोधावं लागलं नाही, ते आपोआप उघडलं. मी उभा राहून वाचलं, इमारतीपासून शेवटपर्यंत.

"शेवटचं परत वाचा," सासूबाई म्हणाल्या. एक्स्चेंजवरची सवय, निरोप परत वाचून घेतल्याशिवाय त्या तो खरा मानत नाहीत.

"चिपाडला सांगणे."

"पुढे टिक?"

"नाही."

साडूने चष्मा लावला. तेवीस वर्षं आम्ही एकमेकांना अहो-जाहो केलं, शिव्यासुद्धा अहो-जाहोतच दिल्या.

"आठ महिने," तो म्हणाला. "आठ महिने माझ्या समोर बसून तू मला बोटं कापणारा म्हणत होतास."

"मला आठवत नव्हतं," मी म्हणालो. "खरंच सांगतो. तुमच्या फोनमुळेच झालं असं मला मनापासून वाटत होतं. मुद्दाम नाही केलं मी."

माझ्या बायकोने तेवढी मान हलवली. तिला माझं म्हणणं पटलं होतं, किंवा पटावं असं तिला वाटत होतं. मलाही तेव्हा ते खरंच वाटत होतं.

सासूबाई खुर्चीत पुढे झुकल्या. "हिरवं घ्या," त्या म्हणाल्या. "थोरले, तुमच्या फोनच्या नियमासाठी काळं तुम्ही ठेवा. पण डायऱ्या सगळ्या आत गेल्या पाहिजेत. त्या रखवालदाराला मी उद्या स्वतः भेटणार आहे. चिपाड, कुठवर आलायस?"

"सतराव्या डायरीत, सतरा तारखेपर्यंत. आता अठराचं पान." त्याने बोटं कळफलकावर ठेवली. "सांगा उस्ताद, घालतो."

मी पान उलटलं. अठरा तारखेला तीन ओळी होत्या. पहिल्या दोन मी वाचल्या: "चिपाडच्या बायकोला दवाखान्यातून घरी सोडणे. खड्ड्यातलं थांबवायचं बटण मागवणे." मग मी थांबलो.

"तिसरी," चिपाड म्हणाला. तिथून त्याला ओळी दिसत होत्या, अक्षर दिसत नव्हतं.

"पाटीचं बोलायचं नाही. फोन साडूचा होता हे सगळ्यांना सांगणे."

चिपाडने टाइप केलं. हळू, एकेक अक्षर. मग मान वर न करता विचारलं, "टिक आहे?"

"आहे," मी म्हणालो.